दहा फुटी दार, सव्वादहा फुटी गाडी: एका मोटरहोमच्या गॅरेजचं प्रकरण

पाया खणायचा दिवस ठरल्यावर हे काम माझ्याकडे आलं. घराचा मूळ नकाशा माझा नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं उरलेलं एक जोडपं, नुकतीच घेतलेली मोटरहोम (आत राहता येईल अशी घरवजा गाडी), घराच्या बाजूला मोकळी पडलेली जागेची पट्टी आणि कंत्राटदाराने कागदावर काढून दिलेला एक आयत, एवढंच समोर होतं. आतून २६ फूट लांब, १२ फूट रुंद, छत ११ फुटांवर, दार १० फूट रुंद आणि १० फूट उंच. "एकदा नजर टाका आणि सही करा," एवढीच अपेक्षा होती.

वरवर पाहता चूक काढण्यासारखं काही नव्हतं. गाडीच्या माहितीपत्रकात मापं छापलेली होती: लांबी ७.३५ मीटर, रुंदी २.३२ मीटर, उंची २.९५ मीटर. फुटांत २४ फूट १ इंच, ७ फूट ७ इंच आणि ९ फूट ८ इंच. सव्वीसात चोवीस बसतात, बारात साडेसात बसतात, दहात पावणेदहा बसतात. गणित चोख होतं. फक्त गाडी त्या दारातून आत गेली नसती.

पत्रकातली गाडी आणि अंगणातली गाडी

मी टेप आणि ओळंबा घेऊन गेलो. गृहस्थांना हा उपद्व्याप वाटला. "कंपनीने छापलंय ना सगळं?" त्यांच्या पत्नी मात्र शिडी घेऊन आल्या आणि स्वतःच वर चढल्या. छतावरच्या एसीवर सरळ पट्टी आडवी धरली, ती लेव्हलला आणली आणि बाजूने ओळंबा सोडला. एसीच्या माथ्यापासून जमिनीपर्यंत ३.१४ मीटर भरले, म्हणजे १० फूट ३ इंचांहून थोडं जास्त. एसी गाडी घेतल्यानंतर वेगळा बसवून घेतलेला होता. पत्रकातली उंची कारखान्यातून निघालेल्या गाडीची होती आणि ती खोटी नव्हती. ती वेगळ्या गाडीची होती, इतकंच.

उंची आम्ही दोनदा मोजली. पाण्याची टाकी भरलेली आणि सामान चढवलेलं असताना एकदा, टाकी रिकामी करून सामान उतरवल्यावर दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी गाडी दोन-तीन सेंटिमीटर वर आली, कारण ओझं उतरलं की स्प्रिंग वर उठतात. ३.१४ हा रिकाम्या गाडीचा आकडा आहे आणि गॅरेजसाठी तोच धरायचा. सहलीहून परतताना टाक्या रिकाम्या असतात, खाणंपिणं संपलेलं असतं, म्हणजे गाडी सर्वांत उंच असते ती नेमकी घरी येताना.

रुंदीचंही तसंच. २.३२ ही शरीराची रुंदी झाली. दोन्ही आरसे उघडे असताना ती २.७५ मीटर भरली. इथेही पत्रकाने फसवलेलं नाही. रस्त्याचे कायदेच आरसे सोडून रुंदी मोजतात. युरोपातली २.५५ मीटरची किंवा अमेरिकेतली १०२ इंचांची मर्यादा आरसे वगळूनच आहे. पण दाराच्या चौकटीला कायदा कळत नाही. १० फुटी दारात २.७५ ची गाडी घालायची तर दोन्ही बाजूंना १५-१५ सेंटिमीटर उरतात. वीत पसरली तरी त्याहून जास्त भरते. आरसे मिटून आत जाता येईल, पण मग चालक बघणार कुठे?

लांबीत सायकलींचा रॅक आला. मिटलेला रॅक ३० सेंटिमीटर, दोन सायकली चढवल्यावर ६५. म्हणजे सायकलींसह गाडी बरोबर ८ मीटर, २६ फूट ३ इंच. २६ फुटांच्या गॅरेजात सायकलींचे पेडल मागच्या भिंतीत तीन इंच रुतले असते.

कंत्राटदाराला फोन केला. तो शांत माणूस. "दार सहा इंच वाढवू, मागची भिंत चार फूट सरकवू, झालं." साडेदहा फूट म्हणजे ३.२० मीटर. एसीच्या वर सहा सेंटिमीटर मोकळे. त्या दिवशी आम्हा सगळ्यांनाच वाटलं, सुटला प्रश्न. मलाही.

शेपूट वर उचलली जाते

रात्री उभा छेद काढायला बसलो तेव्हा उतार आडवा आला. प्रत्येक गॅरेजच्या कामात हा मुद्दा कोणीतरी विसरतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गॅरेजचं जोतं घराच्या जोत्याला मिळवून रस्त्यापासून २ फूट उंच धरलेलं होतं. गेट ते गॅरेजचं दार हे अंतर १६ फूट. १६ फुटांत २ फूट चढ म्हणजे १:८. साध्या कारला हा चढ जाणवतो, पण ती जाते. मोटरहोमचं शरीर वेगळं असतं. ही गाडी फियाट डुकाटो या व्हॅनच्या लांब चासीवर, म्हणजे चाकं-इंजिनासकटच्या सांगाड्यावर, बांधलेली होती: पुढच्या आणि मागच्या चाकांत ४.०३५ मीटर अंतर, पुढच्या चाकांपुढे सुमारे ९५ सेंटिमीटर नाक आणि उरलेलं सगळं मागे. हिशोब करा. मागच्या चाकांच्या मागे २.३७ मीटर शेपूट अधांतरी लटकते. पलंग, सामानाचा कप्पा, सगळं तिथेच.

आता ही गाडी रिव्हर्समध्ये चढावरून आत येते. मागची चाकं दाराशी पोचली, म्हणजे चढ संपून सपाट फरशी सुरू होते तिथे. पुढची चाकं अजून खाली उतारावर आहेत. गाडी अजून १:८ ने तिरकी आहे, पण तिची शेपूट सपाट फरशीच्या वर पुढे सरकली आहे. २.३७ मीटर लांबीची शेपूट १:८ ने तिरकी म्हणजे तिचं टोक जवळपास ३० सेंटिमीटर वर. तिरकेपणामुळे उभी उंची दोन-अडीच सेंटिमीटर घटते, ती वजा करून मागच्या छताचा कोपरा फरशीपासून ३.२२ मीटर उंचीवर येतो, आणि हे घडतं दारापासून सुमारे दोन मीटर आत.

म्हणजे या गाडीचा सर्वांत उंच बिंदू एसी नव्हताच. एसी नसलेलं मागचं टोक, काही सेकंदांसाठी, एसीपेक्षा आठ सेंटिमीटर उंच जाणार होतं. आणि दारापासून दोन मीटर आत काय होतं? ११ फुटी छताखाली, म्हणजे ३.३५ मीटरच्या खाली, वर सरकणाऱ्या दाराच्या मोटरची लोखंडी पट्टी सहा इंच लटकत होती. ३.२० वर पट्टी, ३.२२ वर छताचा कोपरा. दार वाढवलं असतं, एसी सुखरूप आत गेला असता आणि मागच्या कोपऱ्याची चिरफाड झाली असती. तीही अशा जागी, जी चालकाला ना आरशात दिसते ना रिव्हर्स कॅमेऱ्यात. कॅमेरा खाली जमिनीकडे बघत असतो.

उताराच्या तळाशी उलटा प्रकार. मागची चाकं रस्त्यावर, शेपूट चढाच्या वर. २.३७ मीटरवर चढ ३० सेंटिमीटर उंच झालेला असतो आणि सामान भरलेल्या गाडीचा मागचा खालचा काठ जमिनीपासून ३६ सेंटिमीटरवर होता. सहा सेंटिमीटर उरतात. एक दचका बसला की मागचे स्प्रिंग तेवढे सहज दबतात.

चढ लांबवायला जागा नव्हती, गेट ते दार १६ फुटांत काही वाढ होणार नव्हती. मग उपाय एकच होता आणि तो इतका साधा होता की आधी सुचला नाही याची लाज वाटली: गॅरेजचं जोतं घराइतकं उंच कशाला हवं? १ फुटावर आणलं. त्याच १६ फुटांत चढ १:१६ झाला. शेपूट उचलली जाते ती आता १५ सेंटिमीटर, मागचा कोपरा ३.०९ मीटरवर थांबतो आणि एसी पुन्हा सर्वांत उंच ठरतो. तळाशी मोकळी जागा सहावरून एकवीस सेंटिमीटर. वर घरातून गॅरेजात उतरायला दोन पायऱ्या आल्या. बाईंना त्या नकोशा होत्या, गुडघ्यांमुळे. आम्ही पायऱ्या सहा-सहा इंचांच्या ठेवल्या आणि बाजूला पकडायला दांडा लावला.

जोतं उतरवल्याचा आणखी एक फायदा परवानगीच्या कागदांवर दिसला. तिथल्या नियमात जोडबांधकामाची एकूण उंची रस्त्यापासून १६ फूट अशी बांधलेली होती. २ फुटी जोत्यावर १४ फुटांची आतली उंची ठेवली असती तर छताच्या जाडीसह मर्यादा ओलांडली असती. १ फुटी जोत्यावर ती बसली. असे नियम जागोजागी वेगळे असतात, पण उंची कुठून मोजतात हे आधी वाचून घ्यावं. जमिनीपासून, रस्त्यापासून की जोत्यापासून, यावर फूटभर इकडचं तिकडे होतं.

फक्की मारलेलं मैदान

गेट १२ फुटी, रस्ता २० फुटी. गृहस्थ म्हणाले, "गेट आहे तसं राहू द्या, मी जपून घेईन." चांगला चालक होता माणूस, त्याबद्दल वाद नाही. पण गाडीच्या वळणाला चालकाची सज्जनता समजत नाही.

या गाडीचं वळणाचं वर्तुळ सुमारे १४ मीटरचं. पूर्ण चाक फिरवून ती वळते तेव्हा बाहेरचा पुढचा कोपरा आणि आतली मागची बाजू मिळून जवळपास ४ मीटर रुंदीची पट्टी झाडते. २.३२ मीटरची गाडी वळताना १३ फुटांची होते, आणि गेट १२ फुटांचं.

कागदावरचं हे पटत नव्हतं म्हणून एका मोकळ्या मैदानात फक्की मारून रस्त्याच्या दोन कडा आखल्या, गेटच्या खांबांच्या जागी रिकामी पिंपं ठेवली आणि गॅरेजच्या दाराची रेघ ओढली. सकाळचे दोन तास गेले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातले सर्वांत सत्कारणी लागलेले दोन तास हेच. १२ फुटी गेटातून गाडी बाहेर पडली, हे खरं. पण मागची चाकं दारापासून बरीच पुढे येईपर्यंत सरळच काढावी लागली आणि मग वळताना पुढचा कोपरा समोरच्या कडेपासून दोन फुटांहून कमी अंतरावरून गेला. समोर कोणी स्कूटर लावली असती तरी गाडी घरातच अडकली असती. पिंपं सरकवून गेट १६ फुटी केलं, तर वळण लवकर सुरू करता आलं आणि समोर चार फूट उरले.

शेपटीचा दुसरा खोडसाळपणाही तिथेच दिसला. गाडी उजवीकडे वळते तेव्हा मागचा डावा कोपरा आधी डावीकडे बाहेर फेकला जातो. या गाडीत तो फेक ४६ सेंटिमीटरचा, म्हणजे दीड फूट. १० फुटी दारात गाडी मधोमध असली तरी बाजूला ३६ सेंटिमीटरच उरत होते. शेपूट दारात असताना चालकाने चाक वळवायची घाई केली की कोपरा चौकटीवर. १२ फुटी दारात बाजूला ६७ सेंटिमीटर मिळतात आणि घाई माफ होते. दार १४ फुटी करावं का, यावरही बोलणं झालं. गेट, उतार आणि दार एका रेषेत असल्यामुळे मी १२ वर थांबलो. वळूनच दारात शिरावं लागणार असेल तर १४ च घ्या.

नाक आत घालायचं की शेपूट, हा प्रश्नही मैदानातच मिटला. गृहस्थांना नाक आत घालायचं होतं, कारण नाक लहान, उताराचा त्रास कमी. खरं आहे. पण मग दर वेळी घरातून निघताना २.३७ मीटरची शेपूट आंधळेपणाने रस्त्यावर ढकलावी लागते. येताना निवांत वेळ असतो, कोणीतरी उतरून मागे उभं राहू शकतं. जाताना घाई असते. रिव्हर्स करायचं ते येताना.

कोणतं माप नंतर वाढवता येतं

इथवर आल्यावर गृहस्थांनी विचारलं, "पुढे मोठी गाडी घेतली तर?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि उत्तर म्हणून सगळीच मापं थोडी थोडी फुगवली जातात. मला ते पटत नाही. मापं सारख्या स्वभावाची नसतात. लांबी नंतर वाढवता येते. उंची आणि दार वाढवायचं म्हणजे गॅरेज पाडून पुन्हा बांधायचं.

म्हणून लांबी आजच्या गाडीला पुरेल तेवढीच ठेवली. सायकलींसह ८ मीटर, पुढे बॉनेट उघडून उभं राहायला ९० सेंटिमीटर, मागे ७५. एकूण ९.६५, म्हणून ३२ फूट. मागे दहा फूट मोकळी जागा शिल्लक होती, तेव्हा मागची भिंत छताचा भार न घेणारी केली. छत लोखंडी सांगाड्यावर. उद्या नऊ मीटरची गाडी आली तर एक सांगाडा जोडायचा आणि भिंत मागे न्यायची.

उंचीत मात्र हात सैल सोडला. दार १२ फूट मोकळं, आतलं छत १४ फूट. आजच्या गाडीला ११ फुटी दार पुरलं असतं. वरचा एक फूट पुढच्या गाडीसाठी आहे. याहून मोठं काही मनात असेल तर आकडा कायद्यातून घ्यावा, पत्रकातून नव्हे. युरोपात वाहनाची कमाल उंची ४ मीटर धरतात, अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत १३ फूट ६ इंच. बसच्या चासीवरच्या मोठ्या मोटरहोम या मर्यादेच्या जवळ जातात आणि त्यांना १४ फुटी दार लागतं. काहींची बाजूची भिंत सरकून जवळपास तीन फूट बाहेर येते. ती गॅरेजात उघडायची असेल तर रुंदीचा हिशोब पहिल्यापासून मांडावा.

दाराचा प्रकारही उंचीतूनच ठरला. वर सरकून छताखाली आडवं होणारं दार देखणं असतं, पण उघडं असताना ते दाराच्या उंचीइतकं, म्हणजे इथे १२ फूट आतपर्यंत, गाडीच्या डोक्यावर पडून राहतं. शिवाय त्याखाली ती मोटरची पट्टी, जिने हे प्रकरण उभं केलं. आम्ही रोलिंग शटर घेतलं. त्याची गुंडाळी लिंटेलच्या, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईच्या वर, दारालगत राहते. दोन मीटर आत, जिथे शेपूट उचलली जाते, तिथे छत मोकळं. आवाज जरा होतो. वीज नसताना साखळीने उघडता येईल असंच घेतलं.

गेटवर, तिथल्या जमिनीपासून मोजून दाराच्या उंचीपेक्षा थोडा खाली, साखळ्यांनी एक हलका दांडा टांगला. गाडीवर कधी काही बांधलेलं राहिलं तर ते आधी दांड्याला लागेल, खडखडाट होईल, आणि लिंटेल वाचेल. हा उपाय इतका स्वस्त आहे की कोणी मनावर घेत नाही.

रुंदी: गाडी उभी असताना जगायचं कसं

गाडी आत गेली म्हणजे काम संपलं असं नाही. मोटरहोम गॅरेजात असतानाही वापरात असते: सामान चढतं, उतरतं, झाडलोट होते. प्रवेशाचा दरवाजा बाहेर उघडतो, ६० सेंटिमीटर. त्यासमोर हातात पेटी घेतलेला माणूस वळला पाहिजे, म्हणून त्या बाजूला १.२० मीटर. दुसऱ्या बाजूला पाणी भरायचं तोंड, विजेची जोडणी आणि टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैला साठवणारी पेटी, ओढून काढायची झडप. कॅसेट सरळ बाहेर येते आणि ती भरलेली असते. तेव्हा तिथे अंग चोरून उभं राहावं लागू नये, म्हणून ९० सेंटिमीटर. शरीर २.३२. बेरीज ४.४२. भिंतीवर फडताळं ४५ सेंटिमीटरची. ४.८७, म्हणजे १६ फूट. मूळ कागदावर १२ होते. घर आणि कुंपणाची भिंत यांच्यात २२ फूट असल्याने कुंपणाकडे नियमाची मोकळी जागा सोडून हे बसलं.

गृहस्थांना गाडीखाली जाऊन काम करण्यासाठी खड्डा हवा होता. इथे मी सपशेल नाही म्हटलं. गाडीत स्वयंपाकाचा गॅस असतो. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड, ब्यूटेन जवळपास दुप्पट. गळती झाली तर गॅस खाली उतरून खड्ड्यात साचून राहतो आणि वास यायला आपण तिथे वाकलेलो असायला लागतो. खड्ड्याऐवजी फरशीलगत दोन समोरासमोर जाळ्या ठेवल्या. वरही जाळ्या हव्यात, कारण शिशाच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात आणि तो वर जातो. जनरेटर गॅरेजात चालवायचा नाही, शटर उघडं ठेवूनसुद्धा नाही. त्याच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणून त्याचा अलार्मही बसवला.

विजेची जोडणी गाडीच्या ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या भिंतीवर सॉकेट. किती अँपिअरचं, ते गाडी सांगते: युरोपीय गाड्यांना २३० व्होल्टवर १६ अँपिअर सामान्यतः पुरतं, अमेरिकी गाड्या ३० किंवा ५० अँपिअर मागतात. "छतावर सोलार आहे की," असं उत्तर मिळालं. आहे, पण आता त्या सोलारवर तुम्ही छत घालताय.

दिवे छताला लावायचे ठरले होते. ते मी भिंतींवर, माणसाच्या डोक्याच्या जरा वर घेतले. तीन मीटर उंच गाडी मधे उभी असली की छताच्या दिव्याचा उजेड गाडीच्या टपावर पडतो आणि तुम्ही जिथे वाकून काम करता तिथे अंधार. आणि टपावर चढून एसी साफ करायचा तर २.९५ वरून ४.२७ पर्यंत १.३२ मीटर मिळतात. उभं राहता येत नाही, गुडघ्यावर बसता येतं. उभं राहता यावं म्हणून छत आणखी दोन-अडीच फूट वर नेणं मला उधळपट्टी वाटली, आणि उंचीच्या नियमातही ते बसलं नसतं.

फरशीला दाराकडे १:१०० उतार दिला, धुतलेलं पाणी दारातल्या जाळीच्या गटारात जावं म्हणून. ३२ फुटांत तो चार इंच होतो. छत समतल असेल तर मागच्या भिंतीशी उंची चार इंच कमी मिळते. १४ फूट हा आकडा आम्ही मागच्या भिंतीशी धरला. सांडपाण्याचं तोंड वेगळं, मैलापाण्याच्या वाहिनीला जोडलेलं. जाळीचं गटार पावसाच्या पाण्याचं आहे आणि त्यात कॅसेट कधीही रिकामी करायची नाही, हे दोघांनाही दोनदा सांगितलं.

जे माझ्या हातून सुटलं

मैदानात फक्की मारली तेव्हा दार, गेट, रस्ता सगळं आखलं. आतले खांब आखले नाहीत. सांगाड्याचे खांब भिंतीतून नऊ इंच आत येतात आणि ते मी समान अंतरावर टाकले होते, कारण नकाशावर ते नीट दिसतं. खांब उभे राहिले, गाडी पहिल्यांदा आत गेली, चाकांना अडवायचा ठोकळा जिथे ठरला होता तिथे थांबली. सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात. बाईंनी आतून दरवाजा उघडला आणि तो उघडण्याच्या वाटेवर नेमका एक खांब. दरवाजा अर्धाच उघडला. बाहेर यायला त्यांना तिरकं व्हावं लागलं.

१.२० मीटर मी भिंतीपासून मोजले होते. खांबापाशी ते ९७ सेंटिमीटरच होते आणि त्यातच कंत्राटदाराने खांबावर फडताळाची चौकट ठोकलेली. चौकट काढली तरी पेटी घेऊन वळायला जागा पुरेना.

खांब हलणार नव्हता, मग गाडी हलवली. ठोकळा ४० सेंटिमीटर दाराकडे सरकवला. दरवाजा आता दोन खांबांच्या मधे पूर्ण उघडतो. मागे सायकलींसह ७५ ऐवजी १ मीटर १५ मिळाले, ते बाईंनी ताबडतोब डब्यांच्या रॅकला वापरून टाकले. पुढे ९० चे ५० उरले. शटर बंद असताना नाकापुढून आडवं होऊन जाता येतं, पण बॉनेट उघडून उभं राहता येत नाही. ऑइल बघायचं असेल तर गृहस्थ शटर वर करतात आणि बाहेर उतारावर उभे राहून बघतात.